बोंड फेकून द्या

अमरावती
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १७८६

सौ. पार्बताबाई विहीणबाई यांस अकोला मुक्कामी माणिकबाईचा रामराम.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: 'नातू इतका गुणी की दिवसभर रडत नाही.' त्या वाक्यापायी मला हे पत्र लिहावं लागत आहे. एरवी वांग्यांचा तोडा चालू असताना मी लिहायला बसले नसते.

चार महिन्यांचं पोर दिवसभर रडत नसेल तर ते गुणी नसतं. पुढच्या गोष्टी पाहून कळवा. दिवसातून किती वेळा अंगावर पितो? डोळ्याची बाहुली सावलीतही मोहरीएवढीच राहते का? मूठ आपणहून उघडतो का?

उत्तर पाठवायच्या आधी एक काम करा. घरात बोंड असेल तर ते आजच्या आज बाहेर फेकून द्या. एकही ठेवू नका. बोंड आणि बोंडाचं पाणी, दोन्ही बाळापासून दूर ठेवा. यापेक्षा उघड लिहिता येत नाही. तुमच्याकडे पत्र खुशालराव वाचून दाखवतात आणि ऐकायला ओसरीवर कोण कोण बसतं हे मला ठाऊक आहे. तुम्ही जाणत्या आहात. समजून घ्याल.

जयवंता माझी लेक असली तरी आता तुमची सून आहे, म्हणून तिला वेगळं पत्र लिहीत नाही. पत्र सूर्यभान गाडीवानाबरोबर पाठवते. परतताना त्याच्याजवळ उत्तर द्यावं.

माणिकबाई


अकोला
कार्तिक वद्य द्वितीया

(लिहिणार खुशालराव. पार्बताबाई सांगतात तसेच, शब्द न बदलता लिहितो. मागच्या वेळी बदलले तेव्हा ओरडल्या होत्या.)

इहीणबाईले रामराम.

तुमचं पत्र पोचलं. सगळ्यायनं आयकलं. आमच्या घरच्यायनं, बाजूच्या घरच्यायनं, अन् सूर्यभानच्या बैलायनंबी.

तुमी लिहिता, घरात बोंड असलं तं फेका. घरात बोंड हाये. दोन खोल्या भरून हाये, ओसरीवर हाये, देवापाशी हाये. मानसाले निजाले जागा नाही एवढं हाये. तिकडं सातासमुद्रापार कुठं साहेब लोक आपसात लढून राहिले, त्यायचा कापूस बंद पडला, म्हणून इकडं आमाले जेवाले वेळ नाही. गावातली एकूण एक बाई वेचाले जाते. अन् तुमी म्हणता, आजच्या आज फेका! आमच्या घरच्यायनं (म्हणजे महादेवरावांनी. बाई नाव घेत नाहीत म्हणून मी लिहिले.) मले विचारलं, "इहीणबाईची तब्येत बरी हाये ना?" मी म्हटलं, त्यायचा वांग्याचा धंदा, कापसातलं त्यायले काय समजते.

तरी तुमचा मान ठेवला. लेकराचा पाळणा बोंडाच्या खोलीतून उचलला अन् गोठ्यात नेला. बोंडाचं पाणी म्हंजे काय ते कोणालेच उमजलं नाही. आमी बोंड धुत नाही. ओलं केलं तं व्यापारी घेत नाही.

गोठ्यात लेकरू रातचं आणखीच चांगलं निजते. सकाळी सूनबाई वेचाले निघाली की मी त्याले निजगोळी देतो. माझी सासू माझ्या लेकरायले द्यायची तेच. मंग झोळी वावराच्या धुऱ्यावरच्या झाडाले बांधतो, ते दिवस बुडताना डोळे उघडते. तुमी विचारलं किती खेपा पिते. दोन. बाहुली मोहरीएवढी हाये. मूठ उघडत नाही. बोंड दूर केलं तरी उघडत नाही, म्हंजे दोष बोंडाचा नाही.

सूनबाई मेहनती हाये, तिचं काही सांगनं नाही. तुमचं पत्र वाचून राहिले होते तवा ते चुलीपाशी होती. तिच्या हातची भाकर जळाली. काहून जळाली म्हनून विचारलं तं बोलली नाही.

पार्बताबाई

(माझे मत: 'बोंड' हा शब्द अपुरा आहे. कोणते, ते कळवावे. खुशालराव.)


अमरावती
मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

पार्बताबाई विहीणबाई यांस रामराम.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. आठ दिवस मी उत्तर लिहिलं नाही. तेवढे दिवस बाळ गोळी खात राहिला. हा दोष माझा आहे, तुमचा नाही.

खुशालरावांचं मत बरोबर आहे. शब्द अपुरा होता आणि मी तो लाजेपायी अपुरा ठेवला होता. मला म्हणायचं होतं, अफूचं बोंड. आमच्या मळ्यात कापूस नाही. आमच्या घरात बोंड म्हटलं की तेवढंच एक असायचं. ते उकळून त्याचं पाणी लेकराला पाजत. तुमच्या निजगोळीत तीच अफू आहे. बोंड दिसत नाही एवढाच फरक.

आता पुढचं खुशालरावांनी मोठ्यानं वाचावं. आवाज उतरवू नये. ओसरीवर जे बसले असतील त्यांनी ऐकावं.

मी अफू खात होते. जयवंताच्या बाळंतपणात कंबर धरली, तेव्हा सुईणीनं पहिली गोळी दिली. कंबर दोन महिन्यांत सुटली. गोळी पाच वर्षं सुटली नाही. मी खाते म्हणून आमच्या घरचे खाऊ लागले. मळा वाळला. जयवंतानंतर मला मुलगा झाला. त्याचं नाव पुंजाराम होतं. मी त्याला बोंडाचं पाणी देत असे. तो गुणी होता. दिवसभर रडत नसे. दहा महिन्यांचा असताना एका सकाळी उठला नाही. मला ते दुपारी कळलं.

माझ्या भावानं आम्हा तिघांना गाडीत घालून रिद्धपूरला नेलं. तिथे एक महानुभाव तपस्विनी होत्या. त्यांनी एक वर्ष आम्हाला ठेवून घेतलं. रोज नखभर कमी करत उतरवलं. माझे हात थरथरत, म्हणून त्यांनी धूळपाटी दिली. हात थांबेपर्यंत अक्षरं काढायची. घरच्यांनाही तीच पाटी. मला लिहिता कसं येतं, असं तुम्ही लग्नात विचारलं होतं. असं येतं. तेव्हा मी हसून विषय बदलला होता.

लग्नाआधी ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. जयवंताला शपथ घातली, की सासरी हा शब्द काढलास तर माझं मेलेलं तोंड पाहशील. म्हणून भाकर जळाली आणि ती बोलली नाही. तिला बोंड कळलं होतं. तिच्या तोंडाला कुलूप मी लावलं होतं. या पत्रानं ते काढलं आहे, हे तिला कळू द्या.

सोयरीक मोडायची असेल तर माझ्याशी मोडा. मी तुमच्या दारात येणार नाही. सुनेला घराबाहेर काढू नका. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिनं काही केलेलं नाही.

बाळाचं असं करा. गोळी एकदम तोडू नका, जीव लहान आहे. रोज नखाच्या टोकाएवढी कमी करा, पंधरा दिवसांत संपवा. तेवढे दिवस जयवंतानं वेचायला जाऊ नये. तो मागेल तेव्हा अंगावर पाजावं. तो रडेल. अंग ताठ करेल, हगवण लागेल, पुन्हा रडेल. शेजारचे सांगतील, द्या एक गोळी. देऊ नका.

बारा वर्षं मी बरी आहे. बरं झाल्यावर पुढे काय करायचं, हे मला रिद्धपूरला कुणी सांगितलं नव्हतं. मी वांगी लावली. वांगी लावून झाली की मेथी लावली.

माणिकबाई


अमरावती
मार्गशीर्ष वद्य एकादशी

पार्बताबाई यांस.

सूर्यभान दोनदा येऊन गेला. तुमचं उत्तर नाही. तो म्हणतो, 'त्यायच्या घरी लय आवाज हाये, मी आत गेलोच नाही.' कसला आवाज, हे त्याला सांगता येत नाही. मला रागाचं उत्तर नको आणि लोभाचंही नको. बाळ आहे का, एवढंच कळवा. एक शब्द पुरे.

माणिकबाई


अकोला
मार्गशीर्ष वद्य अमावास्या

आहे.

(एक शब्द पुरे असे आपण लिहिले, म्हणून एकच लिहिला. पार्बताबाईंना पुढचे सांगायचे होते, पण बाळ रडत असल्यामुळे मला ऐकू येत नव्हते. खुशालराव.)


अकोला
पौष शुद्ध अष्टमी

इहीणबाईले रामराम.

आता जरा बोलता येते. खुशालराव कानाशी बसले हायेत.

पहिले रागाचं सांगतो, मंग बाकीचं. तुमी आमाले फसवलं. सोयरीक करताना मी विचारलं होतं, घरात काही खोड हाये का. तुमी म्हटलं, पोरगी भात जरा मऊ करते. हे खोड सांगितली! तुमचं पत्र खुशालराव वाचून राहिले होते, मधीच थांबले. मी म्हटलं, वाचा. पुंजारामपाशी ते अखीन थांबले. सूनबाई चुलीवरून उठली, मधात येऊन उभी राहिली अन् म्हणाली, "मायनं लिहिलं ते खरं हाये." लग्न होऊन दोन वर्सं झाली, मी तिचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदा आयकला. आमचे घरचे म्हणाले, "सोयरीक मोडायची का?" मी म्हटलं, लेकराच्या तोंडात गोळी मी घातली, तं मोडाची कोणासंग?

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी बसली अन् आठवलं. माझी लेकरं सहा झाली. दोन हायेत. बाकीचे चार कसे गेले, कोणी विचारलं तं मी म्हणत होती, देवानं नेले. चारही गुणी होते. सासू म्हणाची, पार्बताचं नशीब, लेकरं रडतच नाही.

मी आजवर हे असं एकाले लागून एक आठवलं नव्हतं.

गोळी तुमी सांगितली तशी उतरवली. सूनबाई घरी राहिली. कापूस झाडावर लोंबून राहिला, अर्धा वाऱ्यानं गेला. तिसऱ्या दिवशी घरचे बोलले, "मी वावरात निजाले जातो, इथं कान फुटते." लेकरू अकरा दिवस रडलं. अंग ताठ केलं, निळं पडलं, हगलं, तुमी लिहिलं ते सगळं केलं. बाजूची गोदाबाई चार खेपा आली. पदरात गोळी घेऊनच आली. म्हणे, "पार्बते, तू सासू हायेस का कसाई?" मी म्हटलं, आतापर्यंत कसाई होती, आता सासू होऊन पाहून राहिली.

बाराव्या दिवशी त्यानं मूठ उघडली अन् माझी नथ ओढली. नाकातून रक्त आलं. सूनबाई हसली. मी रडली. लेकरूबी रडलं.

आता अडचण आयका. आवाज साऱ्या गल्लीनं आयकला, तुमचं पत्रबी आयकलं. मैनाबाई आली, म्हणे माझं लेकरूबी तसंच निजते, मले भेव वाटते. लीलाबाई आली. गोळी देत नाही म्हणतात, पण वेचाले गेलं पाहिजे, मंग रडत्या लेकराले धुऱ्यावर कोण पाहीन? तुमी घरीच हायेत, तुमीच पाहा. असं म्हणू म्हणू पाच लेकरं माझ्या ओसरीवर ठेवून गेल्या. आमच्या घराले आता रडकं घर म्हणतात. पत्ता सांगाले सोपं पडते, बाकी काही सोपं नाही. एकाले झोका दिला तं दुसरं उठते. कोणाची गोळी किती उतरवाची, मले समजत नाही. एक तं निळं होऊन राहिलं.

तुमी लिहिलं होतं दारात येणार नाही. ते मी मोडलं. या.

पार्बताबाई


अमरावती
पौष शुद्ध पौर्णिमा

पार्बताबाईंस रामराम.

सूर्यभान उद्या पहाटे निघतो, त्याच्याच गाडीत मी येते. चार दिवस लागतील. हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून सरकारी डाकेनं टाकते. निळं पडणाऱ्या पोराला मी येईपर्यंत अर्धी गोळी चालू ठेवा, पूर्ण बंद करू नका. त्याच्या आईला त्या दिवसांत वेचायला जाऊ देऊ नका. जाते म्हणाली तर पोर तिच्या ओटीत ठेवून तुम्ही दार लावून घ्या.

घरच्यांनी विचारलं, "कुणाच्या पोरांसाठी चाललीस?" मी म्हटलं, नावं ठाऊक नाहीत. ते म्हणाले, मग थांबायचं किती दिवस? तेही ठाऊक नाही. त्यावर त्यांनी गाडीत एक गोणी वांगी टाकली.

नथ काढून ठेवा.

माणिकबाई


अमरावती
माघ शुद्ध दशमी

वांगी संपली. मेथी लावू का. कधी येतेस. सूर्यभान म्हणतो तू लेकरात बसतेस. तिथे काय करतेस. गोवर्धन.


अकोला
माघ वद्य तृतीया

अमरावती मुक्कामी घरच्यांस रामराम.

मोठ्या अक्षरात लिहिते आहे, तुम्हाला वाचता येईल. मेथी लावा. वेचणी संपेपर्यंत मी येत नाही.

आपला नातू सोडून इथे आता अकरा लेकरं आहेत. पहिले आठ दिवस ओसरीवर सांभाळली. मग पाहिलं, की आईला दुपारी शेतातून घरी यायला फार वेळ लागतो आणि मालक कुरकुरतो. म्हणून सगळे पाळणे उचलून शेताच्या कडेला निंबाखाली नेले. आता तीच निंबाखाली येते, पाजते आणि पुन्हा कापसात जाते. महादेवरावांचं म्हणणं होतं की यानं वेचणी कमी होईल. कमी झाली. त्यांनी निंबाला आणखी तीन दोर बांधून दिले.

निळं पडत होतं ते मैनाबाईचं पोर. त्याला उतरवायला चोवीस दिवस लागले. आता ते सगळ्यांत जास्त रडतं. गोदाबाई, जी पार्बताबाईंना कसाई म्हणाली होती, तिनं परवा तिची नात आणून ठेवली. म्हणाली, "तुमच्यावर भरोसा नाही, मी इथंच बसून पाहीन." बसली. संध्याकाळपर्यंत तिनं चार पोरांना झोके दिले. आज सकाळी ती माझ्याआधी आली होती.

मी आल्याच्या चौथ्या दिवशी तुरीच्या शेंगा सोलताना जयवंता म्हणाली, "तू सांगायला उशीर केलास." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "शपथ घालायला नको होती." मी म्हटलं, नको होती. मग आम्ही उरलेल्या शेंगा सोलल्या. उठताना तिनं विचारलं, "पुंजाराम कुणासारखा दिसायचा?" बारा वर्षांत त्याचं नाव तुम्ही काढलं नाही, मीही काढलं नाही. मी तिला सांगितलं. काय सांगितलं ते तुम्हाला येऊन सांगेन.

गेल्या महिन्यात दोन पोरांची अदलाबदल झाली. मैनाबाईचं लीलाबाईकडे गेलं आणि लीलाबाईचं मैनाबाईकडे. दूध पाजेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण दोन्ही सारखीच ओरडत होती. तेव्हापासून खुशालराव रोज संध्याकाळी निंबाखाली बसून कोण कुणाच्या हाती दिलं ते लिहून घेतात. तुम्ही विचारलंत मी इथे काय करते, म्हणून आजचा कागद उतरवून खाली देते. मला याहून नीट सांगता येणार नाही.

माणिकबाई


माघ वद्य तृतीया. निंबाखालून पोचती केलेली लेकरे.

मैनाबाईचा मुलगा, मैनाबाईच्या हाती. रडत. खात्री करून घेतली.

लीलाबाईची मुलगी, लीलाबाईच्या हाती. रडत. पायातला एक वाळा सापडत नाही.

बेबीताईची जुळी, एक बेबीताईच्या व एक तिच्या सासूच्या हाती. दोन्ही रडत.

नत्थुजी कोतवालाचा नातू, नत्थुजीच्या हाती. हसत. नत्थुजी घाबरला. हसणे चालते असे त्याला सांगितले.

वरच्या आळीतील पाच, आपापल्या आयांच्या हाती. चार रडत, एक अंगठा चोखत.

गोदाबाईची नात, गोदाबाईच्या हाती. निजलेली. आजीने चिमटा घेऊन पाहिले. रडली. घेऊन गेली.

पार्बताबाईंनी कमरेच्या पिशवीतली पुडी माणिकबाईंच्या हाती दिली. नऊ गोळ्या. अगदीच हात टेकले तर असाव्यात म्हणून इतके दिवस ठेवल्या होत्या, असे म्हणाल्या. माणिकबाईंनी पुडी उघडली नाही. आगटीत टाकली व जळेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या.

पार्बताबाईंचा नातू शालिकराम, वय सात महिने, माणिकबाईंच्या हातून त्याची आई जयवंताबाई हिच्या हाती. मोठ्याने रडत.

लिहिणार खुशालराव.